छत्तीस सेकंद आणि थोडं

कर्द्याच्या पुळणीवर एक मैल मोजला होता
याकूब बुरोंडकरने,
तलाठ्याची साखळी उसनी आणून.
दोन टोकांना दोन पिंपं, मुशीच्या तेलाची.
या टोकाच्या पिंपावर मी, वय अकरा,
गळ्यात शाळेचं स्टॉपवॉच,
ड्रिल मास्तरांची मुलगी म्हणून मिळालेलं.
त्या टोकाला धर्मा चोगले, हातात लाल लुंगी.
लुंगी खाली की अंगठा खाली.
गाडी माझ्यासमोरून गेली की पुन्हा अंगठा.
एवढंच काम.

बोटीवर तेलवाला होता तो, इंजिनखोलीत नऊ वर्षं.
अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरात
बोट दुरुस्तीला दोन महिने अडकली,
तेव्हा एका गॅरेजात याने पिस्टन घासले
आणि रविवारी वाळूवर गाड्या पळताना पाहिल्या.
तिथला एक बुटका माणूस
स्वतःच गाडी बांधायचा, स्वतःच पळवायचा.
हरला की शिव्या देत नसे, बॉनेट उघडायचा.
"तेवढंच शिकून आलो," याकूब म्हणे.
त्याचं नाव मला सांगितलं होतं,
मला ते उच्चारता आलं नाही, मग राहिलंही नाही.

खडकीच्या लिलावातली जीप, तिची नुसती चासी.
बुडालेल्या बस कंपनीचं आठ सिलिंडरचं इंजिन.
पत्रा ठोकला दापोलीच्या तांबटाने,
घंगाळ ठोकावं तसा;
सगळ्या अंगावर खवल्यांसारखे पोचे.
नाव ठेवलं नाही. बंदरावरच्या बायका तिला
"याकूबची दुसरी" म्हणत,
आणि पहिली, हलीमाबी, ऐकून हसे,
रोज विहिरीच्या पाण्याने तिचं मीठ धुऊन काढी.

एकदा दारूबंदीचा फौजदार आला.
डबा हुंगला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.
"हे पितं कोण?"
"ती," याकूबने बोट दाखवलं.
पंचनाम्यात आरोपीच्या रकान्यात काय लिहावं
यावर दुपार गेली.

मुंबईला एकदाच गेला, विमानांच्या धावपट्टीवर,
परदेशी गाड्यांच्या रांगेत शेवटून उभा.
तिसरा आला.
चांदीचा कप आणला, त्यात व्हॉल्व्ह बुडवून ठेवायचा रॉकेलमध्ये.

पण त्याला हवे होते छत्तीस सेकंद.
ताशी शंभर मैल, वहीत गणित मांडून
त्याखाली दोन रेघा.
अमावास्येला समुद्र लांब जातो,
पहाटे वाळू टणक, पाऊल उमटत नाही.
तीन हिवाळे.
एकोणचाळीस. अडतीस. सदतीस आणि तीन पंचमांश.
प्रत्येक आकड्यानंतर बॉनेट उघडं,
आणि मी पिंपावर पाय हलवत बसलेली.

त्या शेवटच्या पहाटे गारठा होता.
गाडी आली ती आवाजाच्या आधी आली,
निदान मला तसं वाटलं.
मी डोळे मिटले.
उघडले तेव्हा ती पुढे व्हाळाच्या तोंडाशी
मऊ वाळूत आडवी फिरत होती, एकदा, दोनदा,
मग नाक खुपसून थांबली.
धर्मा धावत आला. याकूब आधी उठला,
दात मोजले, मग माझ्याकडे पाहिलं.
घड्याळात छत्तीस आणि दोन पंचमांश.

मी म्हटलं नाही की अंगठा उशिरा पडला.
त्यानेही विचारलं नाही.
वहीत आकडा लिहिला, खाली रेघ मारली नाही.

चासी वाकली होती. इंजिन धडधाकट.
ते पावसाळ्यानंतर धर्माच्या होडीत बसलं.
पेट्रोल परवडेना, मग डिझेल आलं, मग दुसऱ्या होड्या,
आणि याकूबच्या हातात पुन्हा पाना.
हर्णैच्या लिलावाला जो आधी पोचेल
त्याची सुरमई आधी विकली जाई.
सुवर्णदुर्गाला वळसा घालून येताना
धर्माची होडी कायम पुढे,
आणि याकूब धक्क्यावर डोळे मिटून,
आवाजावरून सांगे कोणता सिलिंडर सुस्त आहे.

घड्याळ शाळेला परत द्यायचं राहून गेलं.
कधी कधी चावी देते.
अंगठा ठेवते, उचलते.
दोन पंचमांश म्हणजे केवढं, ते पाहते.
मिटून उघडावा एवढा डोळा.
त्यापेक्षा कमीच असेल.